सोडलेली ओळ

गोपिकाने घराचं चित्र कॅमेऱ्यासमोर धरलं. "धिस इज माय हाउस," ती म्हणाली आणि थांबली. लॅपटॉपवरच्या बाई नुसत्या पाहत राहिल्या.

त्या मुद्दामच गप्प होत्या. व्हिएतनाममधल्या शाळेत इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीसाठीची ही शेवटची परीक्षा होती. समोरच्या बाई म्हणजे सहा वर्षांचं मूल, त्याला इंग्रजीचा गंध नाही असं धरायचं, आणि दहा मिनिटांत त्याच्या तोंडून एक वाक्य वदवायचं. खोलीत दुसरं कोणी नको. दुसरा आवाज आला तर परीक्षा रद्द, हे बाईंनी सुरुवातीलाच दोनदा बजावलं होतं. याआधी दोन शाळांनी तिला नाही म्हटलं होतं. यंदाची ही शेवटचीच शाळा.

गोपिकाने वाक्य पुन्हा म्हटलं. हसून म्हटलं. बोटांवर एकेक शब्द मोजत म्हटलं. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळात पाच मिनिटं उरली.

दाराच्या पलीकडे, स्वयंपाकघरात तिचे बाबा लसूण सोलत बसले होते. रुपराव, खापरखेड्याच्या वीज केंद्रातून मागच्याच वर्षी रिटायर झालेले. तिच्या परदेशी जाण्याचं कळल्यापासून, म्हणजे चार दिवसांपासून, ते तिच्याशी बोलत नव्हते. जे काही विचारायचं ते आईमार्फत. "तुह्या पोरीले विचार, तिथं वरणभात भेटते काय." निरोप पोचवून पोचवून आई कंटाळली. "तुमचं तुम्हीच बोला नं, मले काहून मधात घेता?" असं म्हणून आज सकाळीच ती देवळात जाऊन बसली. अर्धा तास आवाज करू नका, असं गोपिकाने सांगितलं तेव्हा रुपरावांनी मानसुद्धा हलवली नव्हती.

चार मिनिटं. शिकवण्याच्या सगळ्या युक्त्या संपल्या होत्या.

मग लहानपणापासून सप्ताहात, मांडवाच्या पुढच्या रांगेत बसून पाहिलेलं तिला आठवलं. महाराज कीर्तनात चरण अर्धाच म्हणतात, हात वर करतात आणि थांबतात. ती रिकामी जागा कोणालाच सोसवत नाही. मागे उभे असलेले टाळकरी उरलेले शब्द उचलतात, आणि पाठोपाठ अख्खा मांडव. कडेवरची पोरंसुद्धा, अर्थ न कळता.

तिने हात वर केला. "धिस इज माय..."

"हाउस."

आवाज खणखणीत होता, सुरात होता, आणि स्वयंपाकघरातून आला होता. लगेच थाळी खाली पडल्याचा आवाज झाला.

बाई खुर्चीत सरळ झाल्या. कोण आहे, त्यांनी विचारलं.

टीव्ही आहे असं सांगता आलं असतं. वडील आहेत, गोपिका म्हणाली. देवळात महाराज गाऊन उपदेश करतात, तिथे वडील तीस वर्षं मागे उभे राहून टाळ वाजवतात. कोणी ओळ अर्धी सोडली की ती पुरी करणं हे त्यांचं काम. त्यांनी हे मुद्दाम केलं नाही, एवढं मात्र ती म्हणाली नाही. ते तिलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी खाली पाहून काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. नियमाप्रमाणे हे इथेच संपतं, त्या म्हणाल्या. पण दोन मिनिटं आहेत. त्यांना बोलवा. आता ते तुमचे विद्यार्थी. वाक्य नवं घ्या.

रुपराव दारात येऊन उभे राहिले. बोटांना लसणाची सालं चिकटली होती. स्क्रीनकडे पाहून त्यांनी सवयीने हात जोडले. मुलीकडे पाहिलं नाही.

गोपिकाने दोन बोटं टेबलाच्या कडेवरून चालवत चालवत घराच्या चित्रापर्यंत आणली. "आय विल कम होम," ती म्हणाली. पुन्हा बोटं चालली, पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्या वेळी तिने बोटं वाटेतच थांबवली आणि दुसरा हात वर केला.

"आय विल कम..."

पंखा फिरत होता. रुपराव त्या दोन बोटांकडे पाहत राहिले. तीस वर्षांत त्यांनी महाराजांची एकही ओळ खाली पडू दिली नव्हती. घड्याळात एक मिनिट राहिलं. मग पन्नास सेकंद.

"होम," ते म्हणाले. आवाज बसलेला होता. सूर लागला नाही.

बाईंनी पेन उचललं. पण रुपराव तेवढ्यावर थांबले नाहीत. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं.

"कधी येशीन वं?"

ते काय म्हणाले, बाईंनी इंग्रजीत विचारलं.

गोपिकाचा हात अजून वरच होता. घड्याळात वीस सेकंद होते.