बघेपर्यंत

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार होऊन तीन दिवस झाले, तरी मनमोहन गिरगावातल्या घरी परतला नव्हता. इस्पितळात ओळख न पटलेली प्रेतं ठेवली होती. "एकदा बघून तर या," शेजारी म्हणत. पण कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे त्याचे वडील चिंतामणराव खुर्चीतून हलेनात.

"आमच्या शास्त्रात पेटीत कोंडलेलं मांजर झाकण उघडेपर्यंत जिवंतही असतं आणि मेलेलंही," ते सुमतीबाईंना पुन्हा पुन्हा समजावत. "बघितलं की एकच काय ते उरतं. मी नाही बघणार."

सुमतीबाईंनी धुतलेलं धोतर त्यांच्या मांडीवर ठेवलं.



"अहो, मी कालच बघून आले. पण अग्नी द्यायला बाप लागतो. उठा आता."