पाच नंबरांची चिठ्ठी

"झाली का गं चिठ्ठी?" पॅडचे पट्टे आवळत भिंतीने विचारलं.

"थांब ना दोन मिनिटं," स्टेपनी म्हणाली आणि तिने वहीवर हात आडवा धरला.

भिंत ही कॉलेजच्या हॉकी टीमची गोलकीपर, आणि स्टेपनी राखीव गोलकीपर. दोन्ही नावं टीमनेच ठेवलेली. गाडी दरवर्षी खड्ड्यात गेली, पण स्टेपनी काही कुणी बाहेर काढली नाही. तीन वर्षं ती पॅड बांधून, हेल्मेट मांडीवर घेऊन बाकावर बसत होती. हे तिचं शेवटचं वर्ष होतं.

"आज तरी खेळलीस का?" आई दर मॅचनंतर विचारायची. आई इस्पितळात नर्स होती. "तू गोलात उभी राहशील त्या दिवशी मी रजा टाकून येणार बघ," असं तिने पहिल्याच वर्षी सांगून ठेवलं होतं. ती रजा अजून तशीच पडून होती.

यंदा सर नवे आले आणि त्यांनी पहिल्याच दिवशी नियम सांगितला. जिंकती टीम हलवायची नाही. मॅच हरली, तर पुढच्या मॅचला गोलकीपर बदलणार, मग ती कितीही मोठी तीसमारखाँ असो. ते ऐकून स्टेपनी रात्रभर झोपली नाही. या टीमला हरायला असा किती वेळ लागणार होता? कॉलेजात हॉकीची टीम आहे हे प्राचार्यांनासुद्धा आठवण करून द्यावं लागे.

सरांनी तिला कामही दिलं. दुसऱ्या टीमच्या मॅचेस बघायच्या आणि त्यांच्या पोरी शूटआऊटमध्ये कुठल्या बाजूला वळतात ते टिपायचं. मॅच बरोबरीत सुटली की पाच जणी एकामागून एक, एकट्या, चेंडू घेऊन गोलकीपरवर चालून येतात. त्या वेळी बाजू आधीच माहीत असेल तर अर्धं काम झालंच. स्टेपनी उन्हातान्हात परक्या मैदानांच्या कठड्यावर बसून राहिली. वहीत पेन्सिलीने टिपायची आणि मॅचच्या दिवशी भिंतीसाठी चिठ्ठीवर उतरवून द्यायची. पाच नंबर, प्रत्येकापुढे एक बाजू. एवढंसं उतरवायला तिला अर्धा तास लागायचा, वर घाम फुटायचा तो वेगळाच.

लीगची पहिली मॅच बरोबरीत सुटली. शूटआऊटमध्ये पहिले दोन गोल भसाभस झाले. संपलं सगळं, असं म्हणून सरांनी टोपी काढली. आणि मग भिंतीने ओळीने तीन अडवले. टीम जिंकली!

पुढच्या दोन मॅचेसही अशाच रडतखडत बरोबरीत गेल्या आणि भिंतीने जिंकून दिल्या. कुणाचाच विश्वास बसत नव्हता, स्टेपनीचा तर मुळीच नाही. दर वेळी भिंत चिठ्ठी वाचायची, हसायची आणि घडी करून मोज्यात खोचायची. "तू आहेस म्हणून मी आहे गं बाई," असंही वर म्हणायची.

सेमीफायनलच्या सकाळी स्टेपनी आईला म्हणाली, "रजेचा अर्ज लिहून ठेव. हरलो तर तिसऱ्या नंबरासाठी मॅच असते. ती मला मिळेल."

"अगं, खेळायच्या आधीच हरतेस काय!" आई म्हणाली.

हरले नाहीत. भिंतीने पाचपैकी चार अडवले आणि पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. स्टेपनीने तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली.

आज फायनल. सकाळीच सरांनी तिला बाजूला घेतलं.

"आज जिंकलो की मोठ्या स्पर्धेला जायचं. तिथे दहा दिवसांत सात मॅचेस. एका गोलकीपरने भागत नाही. पहिली मॅच तुझी."

"खरंच, सर?"

"शब्द देतो."

"आणि हरलो तर?"

"तर घरी. आणखी काय!"

तिने तिथूनच आईला फोन लावला. "आई, रजा टाक. या वेळी नक्की."

आणि आता ती चिठ्ठी लिहीत होती. आज हात सरसर चालला. वहीशी तीनदा ताडून तिने चिठ्ठी भिंतीला दिली. भिंतीने वाचली, हसली आणि मोज्यात खोचली.

मॅच पुन्हा बरोबरीत सुटली. त्यांची पहिली पोरगी उजवीकडे वळली आणि भिंत डावीकडे झेपावली. गोल. दुसरी डावीकडे गेली, भिंत उजवीकडे. गोल. स्टेपनी बाक सोडून उठली. "अगं, लिहिलंय ना!" ती ओरडली. तिसरीच्या वेळी भिंतीने एकदा बाकाकडे पाहिलं, क्षणभर घुटमळली आणि पुन्हा चुकीच्या बाजूला गेली. आपल्या तिघींनी तर एकही मारला नव्हता. तीन फेऱ्यांतच खेळ खल्लास.

कपडे बदलायच्या खोलीत पोरी बूट काढून पिशव्या भरत होत्या. स्टेपनीचा फोन थरथरला. आईचा मेसेज होता. रजा मंजूर झाली होती.

ती तरातरा भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. "मी लिहिलं होतं तशी का नाही गेलीस? सांग ना, का नाही गेलीस?"

भिंतीने मोज्यातून घामाने भिजलेली चिठ्ठी काढली आणि तिच्या हातात ठेवली.

"पहिल्या मॅचचे ते दोन गोल तुझी चिठ्ठी मानली म्हणून झाले," ती शांतपणे म्हणाली. "त्यानंतर प्रत्येक वेळी तू लिहिशील त्याच्या बरोबर उलट गेले आणि जिंकले. आज नेमकं खरं लिहायची अवदसा कुठून आठवली तुला?"