आळसाची चाचणी

संघाच्या प्रशिक्षक घोरपडे बाईंनी जाईचं बोट रक्त तपासणाऱ्या यंत्रावर टेकवलं, तेव्हा रक्तात काहीच दोष निघू नये अशी त्यांची इच्छा होती. खेळाडूला आळशी ठरवून संघातून काढायचं, तर आधी तिचं रक्त तपासायचं, असा आता कायदाच होता.

जाई खोत ही मिरजेच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ मुलगी. या हंगामात मात्र तिचं अंग जड झालं होतं. ती पाठलागात मागे पडायची, मैदानाच्या कडेला पेंगायची. बाई तिला सगळ्यांदेखत 'म्हैस' म्हणू लागल्या होत्या.

यंत्राच्या पडद्यावर डॉक्टरीण बाई आल्या.

"टीएसएच, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला चालना देणारं हार्मोन, वाढलेलं आहे. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन अजून काठावर आहे, म्हणजे ग्रंथी नुकतीच मंदावू लागली आहे. गोळी सुरू करू, पुन्हा पळेल ती. तुमचं लक्ष होतं म्हणून इतक्या लवकर कळलं."

संघातून काढल्याचं पत्र घोरपडे बाईंच्या पर्समध्ये तयार होतं.

"बाई, म्हणजे मी आळशी नाहीये?" जाईने हळूच विचारलं. "तुम्ही म्हणालात म्हणून मला खरंच वाटलं होतं. मी रोज पहाटे एकटीच जास्तीचं पळायचे. तरी पाय उचलायचेच नाहीत."

बाईंची मान खाली गेली.

जाईच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांनी हसू आलं होतं. "तुमच्यामुळे कळलं," म्हणत ती पाया पडायला वाकली, आणि बाईंनी चटकन पाय मागे घेतले.