परक्या हातची डाळ

पृथ्वीराजच्या पोटातून असा आवाज आला, की शेजारच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली.

"इंजिन गरम झालंय, आज्जी," तो हसून म्हणाला.

सुलक्षणाला हसू आलं नाही. शिरूरच्या त्या दवाखान्यात ती पदराचं टोक मुठीत आवळून बसली होती. पिकअप घेऊन दौंडकडं फुलं पोचवायला गेला, की नवरा असाच नगाऱ्यासारखं पोट घेऊन परतायचा. तिनं वाढलेलं कसंबसं दोन घास खायचा आणि गुडगुडत पडून राहायचा.

गॅस या शब्दाची तिनं धास्ती घेतली होती. तिच्या वडिलांचं, सोपानरावांचं पोटही असंच एका संध्याकाळी जड झालं होतं. "गॅस हाय, उतरंल," म्हणत आईनं ओवा चारला, शेक दिला. तो गॅस नव्हता, हृदयविकाराचा झटका होता. दवाखाना गाठेपर्यंत आप्पा गेले. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर ती आईला म्हणाली होती, "तू मारलंस त्यांना." तेव्हापासून माहेरची, भांडगावची वाट तिनं सोडली. आई तिथं, भावाच्या, भारतच्या घरी. फोनही नाही.

डॉक्टरांनी पोटावर बोटं ठोकून पाहिली, छातीचा ईसीजी काढला.

"छाती ठणठणीत आहे. हा निव्वळ गॅस. भराभरा जेवता का? दूध, डाळी, काय काय खाता?"

"हरभऱ्याची डाळ बाधती यांना," सुलक्षणा म्हणाली. "म्हणून घरात आणतच न्हाई मी."

"मग बाहेर कुठं खाता?"

पृथ्वीराजनं पंख्याकडं पाहिलं. "बाहेर कुठं? च्या घेतो फक्त."

"चहानं एवढं वाजत नाही. कुणीतरी डाळ चारतंय तुम्हाला, वर दूध-तूप ओतून. आणि भरल्या पोटी घरी येऊन परत जेवताय. औषध देतो, पण आधी तोंड आवरा."

सुलक्षणाच्या छातीवरचा धोंडा उतरला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिथं निखारा येऊन बसला.

कुणीतरी चारतंय.

लग्नानंतरच्या पहिल्या होळीला तिनं पुरणपोळी केली होती. त्यानं ताट सरकवलं होतं. "मला न्हाई झेपत." त्या दिवसापासून होळीलासुद्धा घरात खीर. आणि आता दुसरीच्या हातची डाळ बिनतक्रार पोटात जात होती! बाधत होती ती डाळ, की आपला हात?

घरी आल्यावर तिनं त्याचा शर्ट धुवायला घेतला. बाहीला तुपाचा डाग होता. जायफळाचा वास होता.

"आज कुणाच्यात जेवला होता?" तिनं विचारलं.

"काय खुळ्यागत बोलती? जेवायला वेळ कुठं असतो?"

नळावर शेजारची अक्षदा भेटली. "वैनी, भाऊजी केडगावातबी फुलं देत्यात का?"

"का गं?"

"न्हाई, आमच्या दादाला गाडी दिसती त्यांची. स्टेशनामागं. एका बाईच्या दारात." अक्षदानं हंडा कमरेवर घेतला. "आता बाई काय, फुलं घेतच असंल की."

पुढच्या खेपेला पिकअप निघाला आणि मागोमाग सुलक्षणानं एसटी धरली. चौफुल्यावर उतरली, तिथून रिक्षानं केडगावला. वाटभर ती वाक्यं जुळवत होती. आधी त्याला बोलायचं, मग तिला. तिला तर असं बोलायचं, की पुन्हा कुणाच्या नवऱ्याला पाट मांडणार नाही.

स्टेशनामागं भाड्याच्या खोल्यांची रांग होती. शेवटच्या दाराशी पिकअप उभा होता. उंबऱ्याबाहेर त्याच्या चपला शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. घरी तो त्या कुठंही भिरकावायचा.

दार लोटलेलं होतं. फटीतून तिला त्याची पाठ दिसली. तो पाटावर मांडी घालून बसला होता. ताटाभोवती रांगोळी होती. एवढा मान! भिंतीआडून एक हात पुढं आला आणि त्यानं ताटात तुपाची धार सोडली.

"बास, बास! डॉक्टर वरडलाय मला," पृथ्वीराज म्हणाला. "घरी बायकोला काय सांगू? तिला वास येतोय आता."

सुलक्षणानं दारावर हात ठेवला. ढकलणार, तोच आतून आवाज आला.

"घ्या जावईबापू, धोंड्याचा महिना हाय. सासूच्या हातचं न्हाई म्हणू नगा, पुढचा धोंड्याचा महिना काय मला दिसायचा न्हाई. भारतनं घराबाहेर काढलंय हे मातुर सुलीला कळू देऊ नगा; बाप गेला तवापासनं माझं नाव घेत न्हाई, पण ऐकलं तर रडंल माझी पोर."