गोंदिया ते सावंतवाडी

"मुलगा कुठे असतो, आजी?" सिस्टरने विचारलं.

"गोंदियाला," अनसूयाबाई म्हणाल्या आणि त्यांना जरा धीर आला. सावंतवाडीहून गोंदिया म्हणजे राज्याचं पार दुसरं टोक.

"म्हणजे आता उडनखटोल्याने बावीस मिनिटं," सिस्टर म्हणाली आणि तिने फोन लावून दिला.

अनसूयाबाईंचं हृदय सकाळीच बंद पडलं होतं. उशाशी पंप घरघरत होता म्हणून त्या बोलत होत्या. घरच्या माणसाने येऊन तोंडात पाणी घातलं, की पंप काढून पुढच्या रुग्णाला लावायचा, असा सगळ्याच दवाखान्यांचा शिरस्ता होता. नवऱ्याच्या वेळी हाच मुलगा, दिगू, गाडीने आला होता, दीड दिवसाने. त्या दीड दिवसात म्हातारा-म्हातारी उभ्या संसारात बोलली नव्हती, तेवढं बोलली होती.

फोनवर दिगू रडत होता. "आई, निघालोच बघ!"

"जेवून निघ रे बाबा. घाई नको करूस."

"बाबांच्या वेळचं मनात ठेवून बोलतेस ना? या वेळी नाही उशीर करणार."

त्यांना खरं सांगायचं होतं. पण 'येऊ नकोस' हे कुठल्या आईच्या तोंडून निघतं?

जन्मभर उशिरा येणारा दिगू धापा टाकत आत शिरला, तेव्हा बावीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"वारा पाठीमागून होता, आई!" डोळे पुसत तो हसला.

सिस्टरने त्याच्या हातात पाण्याचा चमचा दिला.