दाढदुखी

दर महिन्याला ओटीपोटात कळा सुरू झाल्या, की ती ऑफिसात गालावर हात ठेवून बसायची. साहेबांना पाळीचं कसं सांगणार? दाढ कशी, चारचौघांत नाव घेण्यासारखी. पण साहेब निघाले मनाचे मऊ. "अहो, किती सोसाल? चौकात आमच्या हिचा दातांचा दवाखाना आहे. मी फोन करतो, आज काढूनच टाका ती दाढ."

खुर्चीत आ वासून बसताना तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. डॉक्टरीणबाईंनी एकेक दाढ ठोकून पाहिली. मग त्यांची नजर तिने पोटाशी घट्ट आवळून धरलेल्या पर्सकडे गेली.

"दाढा तर ठणठणीत आहेत. दुखणं खालचं आहे, ना?"

तिची मान खाली गेली. "मॅडम, साहेबांना सांगू नका हो."

डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतलं आणि नजर न उचलता हातातला आरसा पुसत राहिल्या.

"मी कुठली सांगतेय? दातांच्या डॉक्टरची दाढ घरात खपत नाही, म्हणून मी त्यांना डोकं दुखतंय म्हणते."