ब्रेकची तार

लग्नानंतर आसमीन दौंडला निघाली, तेव्हा गनीभाईंनी लेकीला बजावलं होतं, "रोज फोन करायचा न्हाई. सासरी जीव रमव." त्यानंतर त्यांच्या शिरूरच्या रिपेरिंगच्या दुकानात फोन वाजला की तो गिऱ्हाइकाचाच असायचा. महिन्याभरानं तिचाच आला. "अब्बा, वॉशिंग मशीन कपडे पिळंना. मोटर नुसती घुमती." गनीभाईंना शाळा सुटल्यावर दुकानात येणारी, न मागता नेमका पाना हातात ठेवणारी आसमीन आठवली. खाकरून ते म्हणाले, "आधी प्लग काढ. मागचं झाकण खोल. ड्रमला ब्रेक हाय, दिसला?" "व्हय." "त्याची तार सुटली आसंल, ती..." एवढ्यात फोनमधून तिच्या सासूचा आवाज आला, "आसमीन, सकाळी तू दुरुस्त केल्यापासून मशीन झकास पिळती गं!" मग गनीभाई म्हणाले, "ब्रेकचं काम नाजूक आसतं, बेटा. उद्या परत बघून कळव."